इतिवृत्त, मंगळवार

सात वाजून चार मिनिटांनी सभा सुरू झाली.
हजेरी एकशे बारा. खुर्च्या साठ.
उरलेले भिंतीला टेकून,
अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये ओल्या लोकरीचा वास.

विषय: जुन्या दोरखान्याच्या जागी
चार मजले, सेहेचाळीस घरं,
आणि त्यासाठी नकाशावरचा पिवळा रंग
पुसून तपकिरी करणे.
प्रत्येकाला तीन मिनिटं. घड्याळ माझ्याकडे.

पहिले बोलले ऑरिन झ्विकर, नेहमीप्रमाणे.
माझा घरांना विरोध नाही, म्हणाले.
('नाही'खाली मी रेघ मारली, मग खोडली.
इतिवृत्तात रेघा मारत नाहीत.)
घरं हवीतच, पण तिथे नकोत.
मग कुठे, ते बोटाने दाखवलं,
आणि बोट हॉलभर फिरून
खाडीपलीकडे जाऊन थांबलं.

मग सांडपाण्याची नळी, बासष्ट सालची.
मग पार्किंग.
मग पार्किंग.
मग एक राखी बगळा,
जो दोरखान्यामागच्या डबक्यात उभा असतो म्हणे
आणि ज्याची आजवर कुणी विचारपूस केली नव्हती.
मग गावाचा चेहरामोहरा.
हा शब्द मी अकरा वेळा लिहिला.
नाक कुठे, हनुवटी कुठे, कुणी सांगितलं नाही.

व्हर्ना निकल, वय त्र्याऐंशी,
हातात कागद न घेता उठल्या.
डिसेंबरात त्यांनी अंगणातल्या बर्फावर
चुलीतल्या राखेने रेघ ओढून पाहिली होती:
इमारतीची सावली इथवर येईल, साडेतीनला.
आणि साडेतीनलाच तर ऊन
माझ्या ओट्यावर येतं,
मी किटली ठेवते तेव्हा.
घड्याळ वाजलं. मी ते बंद केलं.
त्यापुढची दोन मिनिटं कुणाच्या खाती मांडायची
अजून ठरवलेलं नाही.

त्यांना हात धरून आणणारी लूर्डेस
दाराशीच उभी, कोट न काढता.
ती बोलली नाही. यादीत तिचं नाव नव्हतं,
यादी रहिवाशांची होती.
रोज पहाटे साठ किलोमीटर बर्फातून
गाडी हाकत येते ती,
व्हर्नाच्या पायांत मोजे चढवायला.
गावकुसाबाहेर राहते म्हणावं,
तर आमच्या गावाला कूसच नाही.
वेस नाही, भिंत नाही,
नुसता एक रंगवलेला नकाशा
आणि झोपेतही कूस न बदलणारं गाव.

आता माझं.
परवा दुकानाबाहेर ऑरिन
विरोधाचा कागद घेऊन उभे होते,
मिशीत नाकाचं पाणी गोठलेलं.
मला नाही म्हणवेना. सही केली.
अनुक्रमांक दोनशे सात.
आणि घरी, तळघरात, बॉयलरशेजारी
माझा मुलगा झोपतो, एकतिसाव्या वर्षी.
होड्या दुरुस्तीच्या यार्डात कामाला आहे.
छत डोक्याला लागू नये म्हणून वाकून चालतो,
हल्ली बाहेर आभाळाखालीही
वाकूनच.
हे मी उठून सांगितलं नाही.
लेखनिकाने बोलायचं नसतं,
ही सोय फार चांगली आहे.

मतदान: तीन विरुद्ध तीन.
अध्यक्षांनी चष्मा पुसला.
विषय मे महिन्यापर्यंत तहकूब.
टाळ्या पडल्या, दोन्ही बाजूंनी.

बाहेर सगळ्यांच्या गाड्या
एकमेकींत अडकून बसलेल्या.
आधी तुम्ही, असं हातांनी म्हणत
सगळेच थांबलेले, सभ्यपणे, दिवे लावून.

व्हर्नाने काच खाली केली.
"तिथे कोण राहायला येणार होतं गं?"
मी म्हणाले, कागदावर फक्त आकडा आहे.
"असं?" म्हणाल्या, आणि काच खालीच राहिली.
लूर्डेस समोरच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती,
आधी व्हर्नाच्या बाजूचा,
मग आपल्या बाजूचा,
बाहेरचं दिसण्यापुरता.